लाहिजचं तांबं आणि आपली कल्हई : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी अझरबैजानमधल्या लाहिज या डोंगरगावातल्या तांबटांवर लिहिलं होतं. ज्यांच्या हाती तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : कॉकेशस पर्वताच्या दक्षिण उतारावर, गिर्दिमानचाय नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटरवर हे गाव आहे. वस्ती हजाराच्या आसपास. नदीतले गोटे बसवून केलेला एक लांबलचक रस्ता आणि त्याच्या दुतर्फा तांब्याची दुकानं. २०१५ साली युनेस्कोनं इथल्या तांबटकामाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मी आणि आमच्या सौभाग्यवती एका सहलीबरोबर तिकडे गेलो आणि बाकीची मंडळी संध्याकाळी बाकूला परतली तेव्हा आम्ही गावातच एका घरी मुक्काम केला. माझं बालपण पुण्याच्या तांबट आळीत गेलं आणि पुढं तंत्रनिकेतनात मुलांना वर्कशॉप शिकवण्यात हयात गेली. त्यामुळे ठोक्याचा आवाज आला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात.

पत्रं बरीच आली. ‘फोटो सुंदर’ एवढंच लिहिणाऱ्यांचे आभार. फोटो घरच्यांनीच काढले होते, निरोप पोचवला आहे. बाकीच्यांकडे वळतो.

काका, दोन वर्षांपूर्वी आम्हीही लाहिजला गेलो होतो. तिथून नक्षीचा छोटा जग आणला. आतून तो पांढरा चकचकीत आहे. दुकानदार म्हणाला, तांब्याचाच आहे. मग त्यात रात्री पाणी भरून सकाळी प्यायलं तर चालेल का? की फसवलं आम्हाला?
*— एक गृहिणी, सोलापूर*

ताई, फसवलेलं नाही. आतला पांढरा थर म्हणजे कथील, आपली कल्हई. लाहिजमध्ये वापरायचं भांडं कल्हई करूनच विकतात, कारण तिकडे ही भांडी चहा, दूध, दही, पुलाव यांच्यासाठी असतात. रिकामी शोभेची वस्तू असेल तरच आतून लाल.

पण तुम्हाला हवंय ते तांब्याचं पाणी, आणि ते या जगातून मिळायचं नाही. पाणी कथलाला लागेल, तांब्याला नाही. पाण्यासाठी आतून उघडं तांबंच हवं, आणि ते आपल्याकडे कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतं, त्यासाठी कॉकेशस ओलांडायला नको.

प्रमाणाचं थोडं सांगतो, कारण हल्ली तांब्याच्या पाण्याबद्दल लोक कुठल्या कुठे जातात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं असलं तरी चालेल असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपल्या भारतीय मानकात कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅमची आहे. साधं पाणी रात्रभर ठेवलं तर सहसा इतकं तांबं उतरत नाही. त्यातच लिंबू पिळून ‘डिटॉक्स’ करायला गेलात की गणित बदललं. आंबट पदार्थ तांबं खातो. आपल्या आज्या ताक कळकलं म्हणायच्या ते हेच, आणि तेवढ्यासाठी दर काही महिन्यांनी दारात कल्हईवाला बसायचा.

तुमच्या जगाचा खरा उपयोग सांगू? उन्हाळ्यात त्यात ताक, पन्हं, कोकम सरबत ठेवा. कल्हई शाबूत आहे तोवर आंबटाची भीती नाही. फक्त दोन गोष्टी पाळा. आत तारेची घासणी घालू नका. आणि तो रिकामा गॅसवर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका; कथील २३२ अंशांनाच वितळतं, परत याल तेव्हा थर बुडाशी गोळा झालेला असेल.

आणखी एक. बाहेरून अंगठ्याच्या नखानं हळूच खरवडून पाहा. पारदर्शक पापुद्रा निघाला तर वर लाखेचा किंवा व्हार्निशचा हात आहे. पर्यटकांसाठीच्या वस्तू काळ्या पडू नयेत म्हणून तो देतात. तो असेल तर जग चुलीपासून लांबच ठेवा.

मी नाशिकला डिझाइन शिकतोय. तुमच्या लेखात ‘गावात तांब्याची खाण नाही’ असं एक वाक्य आहे. मग इतक्या अडचणीच्या जागी हा धंदा उभा कसा राहिला? आणि भांडं नेमकं घडतं कसं, टप्प्याटप्प्यानं सांगाल का?
*— एक विद्यार्थी*

तुझा पहिला प्रश्न मला फार आवडला, कारण तिथं उभा असताना मलाही तोच पडला होता. मुख्य हमरस्ता सोडला की दरीतून वीसेक किलोमीटर वर चढावं लागतं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली नदी. हिवाळ्यात बर्फ, पावसात दरडी. चांगला रस्ता ही अलीकडची गोष्ट. तांबं बाहेरून आणायचं, भांडं बाहेर विकायचं, आणि मधली सगळी चढउतार खेचराच्या पाठीवर!

पण उलटं धरून बघ. गावाला शेतीजोगी सपाट जमीन जवळजवळ नाही. म्हणजे हाताला काहीतरी दुसरं काम हवंच. डोंगरात झाडं आहेत, त्यांचा कोळसा. नदीला बारमाही पाणी. आणि खाली शामाखी, शिरवान प्रांताची जुनी राजधानी, रेशमाच्या व्यापाराचं मोठं ठाणं. तिथून व्यापाऱ्यांचे तांडे चारी दिशांना जायचे. तांब्याचं भांडं वजनाला जड असलं तरी किमतीलाही जड, त्यामुळे खेचराचं भाडं सुटतं. गहू वाहून नेऊन ते सुटत नाही. शिवाय तांबं मरत नाही. फुटकं भांडं परत मुशीत जातं. घरोघरचं मोडीत निघालेलं तांबं हीच कारागिराची खाण. लाहिजची भांडी आणि हत्यारं दागिस्तान, जॉर्जिया, इराण, पार बगदादच्या बाजारापर्यंत जात.

डोंगरातल्या गावात कला टिकली ती ‘जगापासून तुटलेली’ होती म्हणून, हे वाक्य मासिकांत फार वाचायला मिळतं. लाहिजच्या बाबतीत ते साफ चूक. गाव जगाला विकत होतं म्हणून टिकलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारखान्यातला स्वस्त माल आला आणि गिऱ्हाईक सरकलं तेव्हा हातोडे थांबू लागले. हातोडे थांबवणारं कारण डोंगराखालून आलं.

आता घडणीबद्दल. जुन्या पद्धतीत काम वाटलेलं असे. एक जण भट्टी सांभाळून तांबं वितळवी, एक भाता मारी, मग तांब्याच्या लादीवर ठोके घालून पत्रा केला जाई. नक्षी करणारा वेगळा. उस्ताद सगळ्यांवर नजर ठेवी, शेवटचा हात फिरवी, आणि माल विकायचं कामही त्याचंच. हाताखाली शिकाऊ पोरगा, बहुतेक वेळा स्वतःचाच मुलगा. आज तयार पत्रा मिळतो, त्यामुळे सर्वांत कष्टाचा टप्पा गेला. त्याचं कुणाला वाईट वाटल्याचं मला तरी दिसलं नाही. पत्रा हातानं ठोकणं म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाही वाटणार नाही.

पुढचं सगळं मात्र अजून हाताचं. पत्र्याचा गोल कापतात. लाकडी मोगरीनं त्याला वाटीसारखा खोलगटपणा देतात. मग लोखंडी आधारावर तो बाहेरून ठोकत, फिरवत, कडा आत आणत जातात. इथे धातूचा स्वभाव कळायला हवा. ठोका बसला की तांबं ताठतं. ताठलेल्याला आणखी ठोकलं तर चीर जाते. म्हणून मध्येच थांबायचं, भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवायचं, की ते पुन्हा मऊ. तापलेलं तांबं पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं. पोलाद बुडवलं तर कडक होतं. वर्कशॉपमधल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना हा फरक मी फळ्यावर लिहून सांगायचो आणि ते वहीत उतरवून विसरायचे. लाहिजला एका दुकानात दहाबारा वर्षांचा मुलगा बापाच्या शेजारी बसून नुसत्या आवाजावरून ‘आता तापव’ असं खुणेनं सांगत होता. ताठलेल्या तांब्याचा नाद चढा लागतो. मला तो ऐकू आला, सौभाग्यवतींना नाही, आणि बाकीच्या सहलीला तर सगळा गोंगाटच वाटत होता.

उंच मानेचं भांडं एका पत्र्यातून काढणं अवघड, म्हणून बूड, पोट आणि मान वेगळी करून जोडतात. कॉकेशस आणि इराणकडच्या जुन्या भांड्यांत हा सांधा नागमोडी दिसतो : दोन्ही कडांना दाते कापायचे, एकमेकांत बसवायचे आणि पितळी डाक लावून ठोकून सपाट करायचं. मग छिन्नीनं नक्षी. वेलबुट्टी, कोयरी, पक्षी, क्वचित एखादी ओळ. शेवटी कल्हई.

त्यातून निघतात सेहेंग म्हणजे पाणी आणायची खांद्यावरची घागर, ग्युम म्हणजे झाकणाचा मोठा कुंभ, आफ्ताफा म्हणजे लांब तोटीची झारी, मेजमेयी म्हणजे भलंथोरलं ताट आणि सर्पुश म्हणजे पुलावावर झाकायचा घुमट. तुला डिझाइनचा अभ्यास करायचा असेल तर सेहेंगचं चित्र काढ. बाईच्या पाठीवर ती कशी टेकते ते बघितलंस की पोटाचा आकार तसा का, हे विचारावं लागणार नाही.

आमच्या गाइडनं सांगितलं की लाहिजची भुयारी गटारं हजार वर्षांपूर्वीची आहेत. आणि तिथली घरं भूकंपात पडत नाहीत. खरं की पर्यटकांना गुंडाळणं?
*— निवृत्त अभियंता, कोल्हापूर*

रस्त्याखाली दगडी गटारं आहेत आणि ती बरीच जुनी आहेत, एवढं नक्की. किती जुनी, यावर एका गाइडपासून दुसऱ्या गाइडपर्यंत पाचशे वर्षांचा फरक पडतो, तेव्हा त्या आकड्याचं ओझं तुम्ही घेऊ नका.

घरांचं मात्र तुम्ही इंजिनिअर म्हणून मनावर घ्यावं असं आहे. नदीतल्या दगडांच्या भिंती, आणि ठरावीक उंचीवर आडव्या लाकडी तुळया सबंध भिंतीत चिणलेल्या. बाहेरून ते पट्टे स्पष्ट दिसतात. धक्का बसला की लाकूड थोडं वाकतं, भिंतीला बांधून ठेवतं, तडा गेला तर तो पुढच्या पट्ट्याशी अडतो. हौस म्हणून केलेलं नाही हे. जवळच्या शामाखीला १८५९ आणि १९०२ साली भूकंपांनी उद्ध्वस्त केलं; १८५९ नंतर तर प्रांताचं मुख्य ठाणंच तिथून बाकूला हललं. किल्लारीला १९९३ साली आपण काय पाहिलं? जाडजूड दगडमातीच्या भिंती, त्यांना बांधणारं काही नाही. तिथे माझा एक माजी विद्यार्थी पुनर्बांधणीच्या कामावर होता, त्याला मी लाहिजचे फोटो पाठवले. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, पण तो शब्द छापण्याजोगा नाही.

घराचा खालचा मजला दुकान-कारखाना, वर राहणं. म्हणजे पोरगं पाळण्यात असल्यापासून ठोके ऐकतं. १९८० साली गाव सरकारी संरक्षित वारसास्थळ झालं, त्यामुळे काँक्रीटचे मजले फारसे चढलेले नाहीत.

ज्या देशानं २०२५ साली पाकिस्तानची बाजू घेतली त्याचं कौतुक आपल्या मासिकात कशाला?
*— ठाणे*

मे २०२५ नंतर तिकडच्या सहली पुष्कळांनी रद्द केल्या, ते मला ठाऊक आहे. माझी सहल त्याआधीची. जावं की न जावं हे तुमचं तुम्ही ठरवा, मी कुणाला तिकीट विकत नाही. मी लिहिलं ते ठोकणाऱ्या माणसांबद्दल, आणि तेवढं लिहायला मला परवानगी असावी.

तुम्ही तांबट आळीचे. मग परक्यांचं कवतिक करताना आपल्या लोकांबद्दल एक ओळ नाही? आपली तांबट आळी युनेस्कोच्या यादीत का नाही? आणि काम कुणाचं सरस, खरं सांगा!
*— कसबा पेठेतला शेजारी, पुणे*

आलात का! वाटच पाहत होतो.

यादीचं आधी. भारतातल्या तांब्या-पितळेच्या कामाला त्या यादीत जागा आहे : पंजाबातल्या जंडियाला गुरू इथले ठठेरे २०१४ साली आले, लाहिजच्या एक वर्ष आधी. यादीत नाव आपोआप जात नाही. देशाच्या सरकारनं प्रस्ताव पाठवावा लागतो, त्यात कारागिरांची लेखी संमती आणि पुढं जतन कसं करणार याचा आराखडा जोडावा लागतो. आपल्या आळीसाठी असा प्रस्ताव व्हावा असं वाटत असेल तर पहिली सभा तुमच्या ओट्यावर घ्या, चहा माझा. पण यादीत गेल्यानं हंडे खपतात असं समजू नका. लाहिजला गर्दी वाढली ती फोटो काढणाऱ्यांची. त्यांच्या पिशवीत बसेल एवढीच वस्तू ते घेतात. म्हणून दुकानांत पुढं मांडलेले असतात चिमुकले जग, चिमुकल्या घंटा, भिंतीवरच्या थाळ्या. सेहेंग मागे, अंधारात. ज्याच्याकडे आम्ही थांबलो होतो तो यजमान स्वतः तांबट नव्हता, पण त्याच्या बायकोनं भात वाढला तो घरच्या जुन्या तांब्याच्या भांड्यातून, वर सर्पुश झाकलेला. युनेस्कोच्या नोंदीतही हे आहे : लोक लांबून लाहिजला येतात ते रोजच्या जेवणाचहाची भांडी घ्यायला, कारण तांब्यातलं अन्न प्रकृतीला चांगलं अशी त्यांची समजूत. माझ्या मते त्या गावाचा जीव तेवढ्या गिऱ्हाइकात आहे. ते आटलं की उरलेलं नुसतं प्रात्यक्षिक.

आता आपली आळी. पेशवाईत कोकणातून पुण्यात येऊन वसलेले त्वष्टा कासार. त्यांचा हात मठारकामात. तरुण वाचकांसाठी सांगतो : भांडं तयार झालं की घासून गुळगुळीत केलेल्या हातोड्यानं सबंध अंगावर ओळीनं ठोके घालत जायचे, एकाची कड दुसऱ्याला चाटेल असे. प्रत्येक ठोक्याचा छोटा आरसा उमटतो. दिसायला सुंदर, पण मूळ उद्देश तो नव्हे. ठोक्यानं तांबं ताठतं हे वर सांगितलंच. मठारलेला पातळ पत्राही कडक होतो, चेपत नाही. बंब, घंगाळ, हंडा ही सगळी मंडळी या ठोक्यांवर उभी असतात.

लाहिजचा कारागीर ठोक्याच्या खुणा घासून घालवतो, मग मोकळ्या अंगावर छिन्नी चालवतो. आपला तांबट ठोक्यालाच नक्षी मानतो. त्यामुळे ‘सरस कुणाचं’ याचं माझं उत्तर असं : छिन्नीत ते आपल्या पुढं आहेत, फार पुढं. ठोक्यात आपण. त्यांच्या दुकानात मी एका झारीच्या पोटावरून बोट फिरवलं, ठोका उतरता-चढता लागला. आपल्या आळीत अशा कामाला म्हातारे लोक काय म्हणायचे ते तुम्हाला माहीत आहे.

एका गोष्टीत मात्र त्यांचा हेवा वाटतो. आपल्याकडे आता पोट लेथवर दाबून काढतात आणि त्यावर मठार तेवढा हाताचा. धंद्याचा हिशेब पाहता त्यात गैर काही नाही, मीही त्याच मशिनवर पोरांना शिकवलंय. पण लेथवर आकार ठरलेला. हातानं घडवताना गिऱ्हाईक समोर बसून ‘मान जरा अरुंद कर’ म्हणू शकतं. लाहिजमध्ये एका बाईला मी तसं सांगताना पाहिलं. भाषा कळली नाही, पण हाताच्या दोन बोटांत तिनं दाखवलेली मान कळली. कारागीर कुरकुरला आणि मग त्यानं ती केली.

भारतात किंवा परदेशात, खरं हातकाम कसं ओळखायचं? कुणीतरी सोपी युक्ती सांगा.
*— डोंबिवली*

खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. भांड्याला चिकटलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड. अर्ध्या फसवणुकी इथेच उघड्या पडतात.

मग आत बघा, बाहेर नाही. आतून एकाच केंद्राभोवती बारीक वर्तुळं दिसली तर लेथवर काढलेलं. ते वाईट नसतं, पण हातकामाचा भाव त्याला देऊ नका. मठाराच्या खुणा सगळ्या एकसारख्या, यंत्रानं मोजल्यासारख्या असतील तर त्या साच्यातल्या. हाताचा ठोका थोडा तरी चुकतोच. काठ दुमडून आत तार भरली आहे का ते बोटानं चाचपा. नसेल तर काठ वर्षभरात वाकडा होतो. नक्षी आतल्या बाजूला उमटली असेल तर ती ठशाची किंवा ठोक्याची, छिन्नीनं कोरलेली नव्हे.

घासाघीस करा, पण बेतानं. आणि परदेशात जुनं म्हणून विकत घेतलेलं भांडं असेल तर ते देशाबाहेर न्यायला परवानगीचा कागद लागू शकतो. दुकानदाराकडून तो आधी मागा. कागदाचं नाव काढल्यावर ‘शंभर वर्षं जुनी’ झारी पटकन कालची होते, असा माझा अनुभव.

मी सातवीत आहे. तुमच्या लेखात सगळे पुरुषच आहेत. लाहिजच्या मुली काय करतात? त्यांना ठोकायला देत नाहीत का?
*— साताऱ्याची एक वाचक*

अगं, बरोबर पकडलंस. तांब्याचं काम तिथं बापाकडून मुलाकडे जातं, मुलीकडे नाही. भट्टीपुढं बसलेली बाई मला दिसली नाही.

पण गावात फक्त तांबं नाही. लोहार आहेत, चामडं कमावणारे होते, आणि बायकांच्या हातात लोकर आहे. अझरबैजानच्या गालिचांची विणकाम-परंपरा युनेस्कोच्या यादीत २०१० सालीच आली, तांब्याच्या पाच वर्षं आधी. वसंतात आणि शरदात पुरुष मेंढ्या कातरतात. लोकर पिंजणं, सूत काढणं, रंगवणं आणि मागावर गाठ मारणं बहुतेक बायकांचं. आम्ही उतरलो त्या घरातल्या आजीबाईंनी जाडजूड रंगीत मोजे विणून दाराशी टांगले होते. गिऱ्हाइकाशी बोलणं, पैसे मोजणं सगळं त्यांच्याकडे. पुरुष नुसता चहा आणत होता. ते मोजे आमच्याकडे आहेत, पुण्यात घालायची सोय नाही.

तुला विशेष वाटेल, त्या घरात आपसात अझरबैजानी नाही, तात नावाची फारसीच्या कुळातली भाषा बोलत होते. गावातले बरेच लोक अजून ती बोलतात. शाळेत मात्र अझरबैजानी. म्हणजे तुझ्यासारखी मुलगी तिथं घरी एक, शाळेत दुसरी आणि पर्यटकांशी तिसरी भाषा बोलते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आजीचं मोठं तांब्याचं घंगाळ आणि दोन तपेली भारतातून आणली. इथे कल्हईवाला मिळत नाही. यूट्यूब बघून घरी करावी का?
*— एक जोडपं*

घंगाळाला कल्हई नकोच. ते अंघोळीच्या पाण्याचं, त्यात काही शिजत नाही. चिंच-मीठ लावून घासा, धुवा आणि लगेच कोरडं पुसा. हिरवं जंगाल धरलं असेल तर ते पूर्ण निघेपर्यंत घासा.

तपेल्यांचं वेगळं. स्वयंपाकात वापरायची असतील तर कल्हई हवी, आणि घरातल्या स्वयंपाकघरात ती करू नका. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, तो घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. आपला कल्हईवाला रस्त्यावर बसायचा तो काही जागेच्या अडचणीमुळे नव्हे. तिकडे तांब्याच्या भांड्यांना पुन्हा कथील चढवून देणारे व्यावसायिक आहेत, कुरिअरनं भांडं घेतात आणि परत पाठवतात. महाग पडेल. देताना एवढं विचारा की कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसं नाही ना. भारतात आल्यावर करणार असाल तर आमच्या जुन्या लोकांची परीक्षा वापरा : कथलाची कांडी कानाशी धरून वाकवायची. शुद्ध कथील करकरतं. शिसं जास्त असलं तर कांडी मुकी वाकते, आणि मग त्या माणसाला नमस्कार करून पुढच्या दुकानात जायचं.

तोवर तपेल्यात साधं पाणी तापवा, कोरडं धान्य ठेवा. आमटी नको, टोमॅटोचं सार तर मुळीच नको.